रंग नाही

भिंतीला हात लावला आणि हात घसरला. झालं ते एवढंच. सोमवारची सकाळ, साडेसात वाजलेले, नव्या वसतिगृहाच्या तळमजल्यावरचा लांबलचक व्हरांडा, आणि आत शिरता शिरता मी डबा नि छत्री डाव्या हातात घेऊन उजव्या हाताचा तळवा भिंतीवर टेकवला. गेले पाच महिने हा माझा नेम आहे. आधी भिंत, मग बाकीचं जग. चुन्याचा गिलावा वाळताना दर दिवशी वेगळा लागतो. पहिल्या दिवशी गार आणि जड, चौथ्या दिवशी किंचित खरखरीत, आणि मग एक सकाळ अशी येते की तळवा टेकवला की भिंत तो हलकेच ओढून घेते, धरून ठेवते. त्या दिवशी समजायचं की भिंत श्वास घ्यायला लागली. शुक्रवारी संध्याकाळी ही भिंत त्या बेताला आली होती. सुट्टीचे दोन दिवस गेले, सोमवारी मी मोठ्या खुशीत हात पुढे केला, तर तो मेणकापडावरून सटकावा तसा खाली सटकला. तळव्याला ओल लागली, पण ती भिंतीची नव्हती. भिंतीवर चढलेल्या कसल्याशा कातडीवर साचलेली होती. मी हात नाकाशी नेला. मग वर पाहिलं. भिंत पोपटी होती. चाळीस फुटांची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पोपटी झालेली, आणि इंजिनिअर असून मला ती आधी हाताला कळली, डोळ्यांना नंतर, हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण उन्हातून सावलीत आलं की दोन क्षण काही दिसत नाही, आणि माझा हात त्या दोन क्षणांतच पुढे गेलेला असतो. छत्री हातातून निसटली ती मी उचललीसुद्धा नाही.

वॉचमन चहाचा ग्लास घेऊन आला. "काल रंगारी आले होते, बाई. कुलसचिवांची चिठ्ठी होती त्यांच्याकडे. मी म्हटलं, बाईंना फोन करू का? तर म्हणाले, नको, बाईंना आश्चर्याचा धक्का द्यायचाय."

"दिला," मी म्हटलं.

या इमारतीला विद्यापीठाच्या कागदांवर शाश्वत बांधकाम म्हणतात. गिलावा करणाऱ्या मावशी तिला नुसतं नीट बांधकाम म्हणतात, आणि मला तेच जास्त पटतं. पाया आणि पाण्याची टाकी खणताना निघालेली माती दाबून आम्ही तिच्याच विटा केल्या. भाजल्या नाहीत, सावलीत वाळवल्या. पाडलेल्या जुन्या ग्रंथालयाचे दरवाजे तासून इथे बसवले. प्रत्येक खोलीला एक खिडकी इकडे, एक समोर, म्हणजे आलेला वारा ठाण मांडून न बसता निघूनही जातो. शहाण्णव खोल्या, आणि हवा गार करायचं यंत्र एकाही खोलीत नाही, कारण त्याची गरजच पडू नये अशी ती बांधली आहे. मातीची भिंत ओल पिते आणि सोडते, आणि वरचा चुना तिला ते करू देतो. त्यावर प्लास्टिकचा रंग फासला की आतली ओल आतच अडकते. पहिलं वर्ष काही दिसत नाही. दुसऱ्या वर्षी फुगे येतात, तिसऱ्या वर्षी पोपडे, मग मातीच सुटायला लागते, आणि मग सगळे माना डोलवतात की बघा, आम्ही सांगत नव्हतो का, मातीचं ते मातीचंच. शेजारच्या मोकळ्या जागेत आणखी दोन वसतिगृहं व्हायची आहेत. ती कशाची बांधायची ते या भिंतीकडे बघून ठरणार, हे माझ्या खात्यातल्या शिपायालाही माहीत आहे. पण खरं सांगायचं तर त्या सकाळी मला त्या दोन वसतिगृहांची आठवण आली नाही. मला अपमान झाल्यासारखं वाटलं, इतकंच, आणि तोही माझा नाही, भिंतीचा.

आठला मावशी आल्या. गिलाव्याच्या टोळीच्या त्या मुकादम. हाताखाली सहा बायका, सगळ्या त्यांनीच तयार केलेल्या. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, उंचीने माझ्या खांद्याला, आणि बोलणं मोजकं. फसवण्याला लोक चुना लावणं म्हणतात याचा त्यांना भयंकर राग. "जन्मभर चुना लावला मी," त्या म्हणतात, "एकालाही फसवलं नाही. फसवतो तो रंगवाला." भिंतीला रोज हात लावून विचारायचं ही त्यांचीच शिकवण. माझ्याकडे ओल मोजायचं यंत्र होतं, पहिल्या आठवड्यात मी ते मिरवत फिरत होते. मावशींनी एकदा माझा हात मनगटाशी धरला आणि भिंतीवर दाबला. "तुमच्या डबीला आकडा कळतो," म्हणाल्या, "भिंत कळत नाही." ते यंत्र तेव्हापासून कपाटात आहे. आज त्या दारातच थबकल्या. मागच्या बायकाही थबकल्या. मावशी भिंतीपाशी गेल्या, तळवा लावला, मग गाल लावला, मग करंगळीच्या नखाने एक ओरखडा काढला. बोटभर रुंद पट्टी सुटून लोंबायला लागली.

"तोंड दाबलंय हो हिचं कुणीतरी," त्या म्हणाल्या. "आज निघेल. खाली ओल आहे म्हणून रंगाने पकड घेतली नाही अजून. आठ-दहा दिवस गेले की माझा गिलावा घेऊनच निघेल. काढू?"

"थांबा," मी म्हटलं. "मी जरा ऑफिसात जाऊन येते."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि घमेलं पालथं घालून त्यावर बसल्या.

थांबा. हा शब्द माझ्या जिभेवर कायम बसलेला असतो. कुणी काही विचारलं की तो आपणहून बाहेर पडतो, आणि मग मी त्याच्या मागून फरपटत जाते. घरी यावर विनोद आहेत. लेक म्हणते, आईचं 'बघते' म्हणजे नाही, आणि 'थांब' म्हणजे कधीच नाही. नवरा यावर नको इतका हसतो. मीही हसते, कारण न हसले तर त्यांना कळेल की मला लागलं. ऑफिसची इमारत आवाराच्या दुसऱ्या टोकाला आहे, चालत दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांत चूक कुठे झाली ते मला उमगलं. चूक माझीच होती. हिरव्या इमारतींना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळींची एक लांबलचक यादी असते. पाणी, वीज, माती, सावली, प्रत्येक ओळीला गुण. ती यादी गुरुवारी मीच भरली. एक्केचाळिसावी ओळ होती आतल्या भिंतींच्या रंगाची. कमी वासाचा रंग असेल तर दोन गुण, साधा असेल तर शून्य. मी तिथे लिहिलं, 'रंग नाही.' इतक्या झोकात लिहिलं की शाई पलीकडच्या पानावर उमटली. याचे गुण किती, ते यादीत कुठेच नव्हतं. भिंतीला रंग न लावताही चालतं हे यादी करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं. म्हणजे शून्य. एकूण बेरीज अठ्ठावन्न. पहिल्या वर्गाला साठ लागतात. माझ्या त्या दोन शब्दांवर कुलसचिवांची नजर गेली असणार आणि त्यांनी अगदी सद्हेतूने, रविवार असूनही, दोन गुणांचा बंदोबस्त करून टाकला होता.

कुलसचिव वाईट माणूस असते तर माझं काम सोपं झालं असतं. दोन वर्षांपूर्वी मातीच्या वसतिगृहाचा आराखडा घेऊन मी दारोदार फिरत होते तेव्हा याच माणसाने तो समितीपुढे हिरिरीने मांडला. शिकत असताना ते एका तळघरात राहायचे, पुस्तकांना बुरशी यायची, हे त्यांनीच मला सांगितलेलं. मला पाहून ते खुर्चीतून उठलेच.

"बघितलंत? कशी उजळली! अहो, आपण हिरवी इमारत, हिरवी इमारत म्हणतो आणि आत पाऊल टाकलं की भिंतीवर सगळे ढग. आता कसं झकास."

"ते डाग नव्हते, साहेब. वाळत होती ती. पंधरा दिवसांत एकसारखी झाली असती."

"पाहणी आज अकराला आहे, मॅडम, पंधरा दिवसांनी नाही. आणि कमी वासाचा आहे बरं का! मी स्वतः डब्यावरचं वाचून घेतलं."

"वास कमी असेल. पण प्लास्टिक आहे. ओल अडकेल आणि भिंत सुटेल."

"मग पाहणी झाली की काढा ना! मी कुठे नाही म्हणतोय? तीन महिन्यांनी शेवटची पाहणी. ती उरकली की खरवडा, धुवा, काय हवं ते करा."

"तीन महिन्यांनी गिलावा घेऊन निघेल. आज नुसता रंग निघतो."

"आज नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "बसा. जरा पुढचं बघा. पुढची दोन वसतिगृहं मातीची व्हावीत हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त वाटतं. पहिला वर्ग मिळाला तर कुणाची छाती आहे नाही म्हणायची? आणि दुसरा मिळाला तर? काय म्हणतील सगळे? एवढा खटाटोप केला आणि दुसरा वर्ग! एका भिंतीसाठी दोन इमारती घालवणार आहात का?"

हे वर्मी लागलं, कारण यात खोटं काही नव्हतं. एक भिंत देऊन दोन इमारती मिळत असतील तर कुठलाही शहाणा माणूस भिंत देईल. मी शहाणी आहे असा माझा लौकिकही आहे. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. काम मंजूर तपशिलाप्रमाणे पूर्ण झाले आहे, खाली माझं पद, त्याखाली सहीची जागा. मंजूर तपशिलात चुना होता, रंग नव्हता. पाहणीला हा कागद जोडावा लागतो, म्हणून ते म्हणाले, "एवढं करून टाका," आणि टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं.

टोपण काढून पुढे धरलेलं पेन मी याआधी एकदा पाहिलेलं आहे. एकवीस वर्षांपूर्वी, याच इमारतीत, दोन खोल्या सोडून. नोकरीला लागून वर्ष झालं होतं आणि आत्ताचं जुनं वसतिगृह तेव्हा नवं होतं. सिमेंटचं, तीनमजली, खोल्यांना खिडक्या एकाच बाजूला. तरी त्यातही मी एक गोष्ट घुसवली होती. दर दोन खोल्यांच्या मधे तळापासून गच्चीपर्यंत एक पोकळी, हातभर रुंद, आणि तिच्याकडे उघडणारा एकेक झरोका प्रत्येक खोलीत, छताखाली. तापलेली हवा तिथून वर निघून जाईल, खिडकीतून नवी येईल, बस्स. बांधूनही झालं ते. मग तेव्हाचे साहेब पाहायला आले. गोरे, उंच, कधी आवाज न चढवणारे. झरोक्यांकडे बघून म्हणाले, "यात कबुतरं घरटी करतील. आणि भिंतीत भोकं बरी दिसत नाहीत. बुजवून टाका." मी म्हटलं, खोल्या तापतील. ते म्हणाले, "पंखे आहेत की." दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर कागद तयार होता: झरोके बंद करण्याचा बदल मान्य. मी टेबलासमोर उभी होते. सातवा महिना होता, पाय सुजून चपलेचे पट्टे रुतत होते, पाठीत कळ येत होती, आणि साहेबांच्या खोलीत दुसरी खुर्ची असूनही त्यांनी बसा म्हटलं नाही. "तुम्ही नवीन आहात," ते म्हणाले, "शाई वाळली की विषय संपतो." पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की नोकरीच्या भीतीने सही केली. ते खरं नाही. मला बसायचं होतं. सही केली की बाहेर जाऊन बाकावर बसता येणार होतं. सही केली आणि जाऊन बसले, आणि बसल्यावर इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याची लाज मला अजून वाटते.

मुलं त्या वसतिगृहाला भट्टी म्हणतात. तेव्हा पोटात होती ती लेक आता तिथेच राहते, वरच्या मजल्यावर, तीनशे बारा. घरून ये-जा कर म्हटलं तर ऐकलं नाही. सगळ्या राहतात तिथे मीही राहणार. जन्माला यायच्या आधीच मी तिची खोली तयार करून ठेवली होती असं म्हणायला हरकत नाही. गेल्या महिन्यात दुपारी चारला तिच्याकडे गेले. ती आणि तिची मैत्रीण, दोघी एका बादलीत चार पाय बुडवून पुस्तक वाचत बसलेल्या. खिडकीला ओली चादर. मैत्रिणीची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती आणि तिच्या कपाळावर पुरळ उठलेलं. लेक म्हणाली, "आई, भिंतीला हात लाव." लावला आणि लगेच काढला. "तुझ्या सहीत राहतो आम्ही," ती म्हणाली. हसत म्हणाली. झरोक्यांची गोष्ट मीच तिला कधीतरी सांगून बसले होते, मोकळं वाटावं म्हणून. मला मोकळं वाटलं आणि ते ओझं तिच्या हातात आलं.

पेन मी घेतलं नाही. कागद घेतला. "भिंतीपाशी जाऊन करते सही," मी म्हटलं. कुलसचिव हसले, त्यांना तो होकार वाटला. मलाही नक्की ठाऊक नव्हतं की तो होकार नाही. कागदाची घडी पर्समध्ये टाकून मी बाहेर पडले तर पाय जुन्या वसतिगृहाच्या बाजूने वळले. नऊही वाजले नव्हते आणि तीनशे बाराच्या खिडकीला ओली चादर लागलेली होती. फाटकातून लेक बाहेर येत होती, केस ओले, खांद्याला पिशवी.

"तुझं तोंड असं का झालंय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, जाणाऱ्या-येणाऱ्या मुलांच्या गर्दीत, सगळं. पोपटी रंग, दोन गुण, साठ आणि अठ्ठावन्न, पुढच्या दोन इमारती. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मग? काय करणारेस?"

"बघते."

"बरं," ती म्हणाली आणि वर्गाकडे निघून गेली.

मावशींचंही 'बरं' तसंच होतं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, मागणं नव्हतं. माझ्याकडून काही येणार नाही हे गृहीत धरून माणसं आपापल्या कामाला लागतात तेव्हा जे म्हणतात ते 'बरं'. एका सकाळी दोनदा ते मला ऐकवलं नाही. मी तिथे फाटकापाशी उभी राहिले आणि माझ्या अंगातून अशी काही तिडीक उठली की कानशिलं तापली. कुणावर? कुलसचिवांवर नाही. त्या गोऱ्या साहेबांवरही नाही, ते कधीच वारले. शहाण्या माणसांवर. पुढचं बघणाऱ्या सगळ्या शहाण्या माणसांवर, आणि त्यात मी पहिल्या रांगेत. झरोके बुजवले तेव्हाही आम्ही पुढचंच बघत होतो. पुढचं म्हणजे ही ओली चादर होती, आणि ती आमच्यापैकी कुणालाच दिसली नव्हती. आता पुन्हा तेच. भिंत मारायची, कशासाठी, तर भिंती चांगल्या बांधता याव्यात म्हणून. मग पुढच्या दोन इमारतींच्या वेळी कुणी आणखी दोन गुणांसाठी आणखी काही मारायला सांगेल, आणि मी म्हणेन थांबा, बघते. नाही. नाही बघणार. एक भिंत नीट राहत नसेल तर दोन इमारतींची स्वप्नं कुणी मला विकू नयेत. मी चालायला लागले, मग जवळजवळ पळायला. पन्नाशीला आलेली बाई पदर खोचून आवारातून पळतेय हे बघून मुलं बाजूला होत होती.

मावशी घमेल्यावर तशाच बसल्या होत्या. बायका वरच्या मजल्यावर गेल्या होत्या. मी भिंतीला टेकून ठेवलेली लोखंडी पट्टी उचलली.

"बायकांना हाक मारू?" मावशी उठल्या.

"नको. तुम्ही कुणी हात लावू नका. उद्या कुणी विचारलं तर तुमचं काम जायला नको. पहिला हात माझा."

"बाई, पट्टी अशी नाही धरत."

"मग कशी?"

त्यांनी माझं मनगट धरून पट्टी आडवी केली, भिंतीशी जवळजवळ झोपवली. "खाली दाबायचं नाही. नुसतं सरकवायचं. ती सोडेल आपण होऊन." मी सरकवलं. पोपटी कातडी सुरकुतली, उचलली गेली, पट्टीच्या मागे गुंडाळत आली आणि खाली भिंतीचा पांढरा, ढगाळ, ओलसर चुना दिसला. दुसऱ्यांदा सरकवलं. तिसऱ्यांदा. पहिल्या फुटाला अर्धा तास लागला, कारण दोनदा मी गिलाव्यात चरे पाडले आणि मावशींनी च्च् केलं. दुसऱ्या फुटाला हात बसला. घाम डोळ्यांत जात होता, खांदा भरून आला होता आणि मी, काय सांगू, सुखात होते. मनातल्या मनात मी प्रत्येक पट्टीबरोबर त्या जुन्या टेबलासमोर उभी राहत होते आणि या खेपेला खुर्ची ओढून आधी बसत होते. मध्येच मावशींनी दुसरी पट्टी घेतली. मी नको म्हणणार तोच त्या म्हणाल्या, "भिंत माझी आहे, बाई. तुमची नुसती इमारत." त्यांनी एका तासात माझ्या तिप्पट काढलं.

अकराला पाहणीची मंडळी आली. तिघं जण, पुढे कुलसचिव. व्हरांड्यात घोटाभर पोपटी कचरा, तिसरा हिस्सा भिंत उघडी, आणि त्यासमोर विद्यापीठाच्या इंजिनिअर बाई, केस पांढरे झालेले, वयाने नाही, चुन्याने. कुलसचिवांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरलं. तिघांतले ज्येष्ठ, किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवलेले, हातातली यादी उलटीसुलटी करून बघत होते.

"इथे कमी वासाचा रंग लिहिलाय," ते म्हणाले. "हे काय चाललंय?"

"रंग काढतेय."

"का?"

कोपऱ्यात पाण्याची बादली होती. मी तांब्याभर पाणी घेऊन आधी रंगवलेल्या भागावर मारलं. पाणी घरंगळत सरळ फरशीवर आलं. मग तेवढंच पाणी उघड्या भागावर मारलं. तिथे ते थोडं खाली ओघळलं आणि थांबलं. एक गडद डाग पडला आणि आमच्या डोळ्यांदेखत भिंत तो आत ओढून घेऊ लागली. "ही पिते," मी म्हटलं, "आणि प्यायलेलं परत सोडते. म्हणून खोल्या गार राहतात. तिकडे तोंड बंद केलंय."

ज्येष्ठ पुढे झाले. इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच तळवा भिंतीला लावला, उघड्या भागाला, आणि बराच वेळ काढला नाही. मग हात रुमालाला पुसून म्हणाले, "बाई, समजलं मला. पण याला गुण देता येत नाहीत. यादीत ओळच नाही."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "द्या ती यादी." एक्केचाळिसाव्या ओळीत माझं अक्षर खोडून कुलसचिवांच्या हस्ताक्षरात 'कमी वासाचा रंग' लिहिलं होतं. मी ते खोडलं, वर लिहिलं, 'रंग नाही', आणि शेजारी सही केली. बोटांच्या चुन्याने कागद पांढरा झाला.

"मॅडम," कुलसचिव दात आवळून म्हणाले, "परिणाम माहीत आहेत ना?"

"एकवीस वर्षं बघतेय परिणाम. तिसऱ्या मजल्यावर राहतो तो." त्यांना काही कळलं नाही. पर्समधला कागद काढून मी त्यांच्या हातात दिला. "यावर सही भिंत पूर्ण मोकळी झाली की करीन. त्याआधी नाही."

अठ्ठावन्न. दुसरा वर्ग. मंडळी जाताना ज्येष्ठांनी शेऱ्याच्या जागेत काहीतरी चार ओळी लिहिल्या, काय ते मला दाखवलं नाही. तीनच्या सुमाराला शिपाई माझ्या नावाचं पत्र घेऊन आला: वरिष्ठांच्या आदेशाविरुद्ध वर्तन केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. पुढच्या दोन वसतिगृहांचं काय होईल, मला माहीत नाही. कदाचित सिमेंटची होतील आणि माझ्याच नावाने खडे फोडतील सगळे. पत्र मी घडी करून डब्यात ठेवलं, रिकाम्या वाटीत, आणि पुन्हा पट्टी घेतली. चारपर्यंत शेवटचा फूट निघाला. मावशी मागे सरून चाळीस फुटांकडे बघत राहिल्या. "खरवडता फार वाईट तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुमचे चरे भरायला मला दोन दिवस लागतील."

लेक आली ती तेवढ्यात. बरोबर पुरळवाली मैत्रीण. आवारात बातमी पसरली असणार, कारण तिने काहीच विचारलं नाही. पोपटी कचऱ्यातून वाट काढत ती भिंतीपाशी गेली आणि तळवा टेकवला. मैत्रिणीनेही टेकवला, मग हसून कपाळच टेकवलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

"आई," लेक भिंतीकडेच बघत म्हणाली, "आमच्या भिंतीत ती पोकळी अजून असेल?"

"असणार. वरून-खालून तशीच. झरोक्यांची तोंडं बुजवली फक्त, आणि गच्चीवर एक फरशी टाकली."

"बुजवलंय ते जाड आहे?"

"एका विटेचं."

ती वळली. विचारलं काहीच नाही तिने. तिला माझं उत्तर पाठ होतं, आणि ते माझ्या जिभेवर येऊन बसलंही होतं, नेहमीच्या जागी. मावशी पट्टी पुसत होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष इकडे होतं.

"परवानगी लागेल ना?" मैत्रीण म्हणाली.

"बुजवायला माझीच सही लागली होती," मी म्हटलं. "मावशी, छिन्नी आहे का तुमच्याकडे?"

"दोन आहेत."

"उद्या सकाळी साडेसातला येते," मी लेकीला म्हटलं. "पलंग भिंतीपासून सरकवून ठेव."